काळ्या टाक्याची कुंची

एका राज्यात राजा होता, राणी होती, सोन्याचं सिंहासन होतं. पण ही गोष्ट त्यांची नव्हे. ही गोष्ट राजाच्या थोरल्या बहिणीची. राज्याचं नाव मला विचारू नका. ज्यांना ते ठाऊक होतं, ते सांगायला उरले नाहीत. राजाचं नाव धीरधवल, राणीचं रत्नकला आणि बहिणीचं वेणुमती, एवढं मात्र पक्कं.

वेणुमतीनं लग्न केलं नाही. का केलं नाही, ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि मीही उगाच तर्क लढवणार नाही. तिचा सारा जीव विणकामात. तिच्या दालनात दागिन्यांची पेटी एवढीशी, आणि लोकरीच्या बुट्ट्या भिंतीला लागून थेट छतापर्यंत. हळदीत रंगवलेली पिवळी लोकर, मंजिष्ठेची लाल, निळीची निळी, आणि कोकराच्या पहिल्या कातरणीची पांढरी. सुया चंदनाच्या, हस्तिदंताच्या, बांबूच्या. राणी हसून म्हणे, "वन्सं, एवढी लोकर विणून संपवायला सात जन्म लागतील." वेणुमती म्हणे, "वहिनी, लोकर संपवायची नसते. ती घरात असायची असते." विणणाऱ्या बायकांना हे पटेल, बाकीच्यांनी सोडून द्यावं.

नगरात कुठंही पाळणा हलला की वेणुमतीची भेट पोचे. सेनापतीचं घर असो की सुंभ वळणाऱ्याची झोपडी, तिच्या लेखी बाळ ते बाळ. झबलं, टोपडं, पायमोजे, थंडीतलं बाळ असेल तर पाठीवर रुळणारी कुंची. आणि वीण अशी, की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. एक टाका इकडचा तिकडे नाही. हातून कधी एखादा टाका चुकलाच, तर सगळं झबलं होत आलेलं असो, ती सरसर उसवून टाकी आणि पहिल्यापासून टाके घाली.

त्या राज्यात एक रीत होती. तान्ह्याच्या गालाला काजळाची तीट लावतात ना, तशीच ती बाळाच्या विणलेल्या कपड्यालाही लावायची. शुभ्र विणीत एकच टाका काळ्या लोकरीचा, आणि तोही सगळ्या सुलट टाक्यांत मुद्दाम उलटा. पाहणाऱ्याची नजर तिथं अडखळावी आणि बाळ नजरेतून सुटावं. घरोघरच्या बायका हे करत. वेणुमती करत नसे.

"अक्कासाहेब, एक काळा टाका घाला हो," बाळंतिणी विनवत.

"माझ्या कामाला मी डाग लावणार नाही," ती म्हणे.

पुढे कोण बोलणार? राजाची बहीण ती.

एके दिवशी राजवाड्याच्या पायरीशी एक म्हातारी आली. अंगावर घोंगडं, पायांत काही नाही, हातात काळ्या लोकरीची भलीमोठी लड. तीन खिंडींपलीकडच्या डोंगरावर राहणारी कांबळजोगीण ती. मेंढरं राखायची आणि मंत्र जाणायची. लोक तिला भीत, म्हणून कुणी तिला अडवलं नाही.

जोगीण म्हणाली, "राजाच्या बहिणी, मला नात झाली आहे. या लोकरीची कुंची विणून दे."

वेणुमतीनं लड हातात घेतली. लोकर भरड होती, वळ्यावळ्यांची होती, कुठल्यातरी जुन्या कापडातून उसवलेली दिसत होती. तिला मेंढरांचा वास येत होता. वेणुमतीनं नाक मुरडलं. "बाई, मऊ पांढरी लोकर माझ्याकडे खूप आहे. तिची कुंची विणून देते. हे असलं भरड मी सुईवर घेणार नाही."

"मला याच लोकरीची हवी."

"मग दुसरं कुणी पाहा."

एवढीशी तर गोष्ट! याच लोकरीची का, एवढं तिनं विचारलं असतं तरी पुढचं सारं टळलं असतं. पण ती विचारायची राहिली. म्हातारीनं लड पायरीवर ठेवली आणि उभी राहिली, तेव्हा दारावरच्या मशाली आपोआप विझल्या.

"ज्या हातांनी ही लोकर परत केली, त्या हातांच्या कामाला ऊब राहणार नाही," ती म्हणाली. "तुझ्या भावाच्या घरी पाळणा हलेल, त्या बाळालाही कशाची ऊब लागणार नाही. आणि गारठलेल्या कानात नाव शिरत नाही, आत्याबाई! बारशाचा सूर्य मावळेल आणि तुझी भाची नावावाचून परत जाईल."

असं म्हणून ती गेली. लड पायरीवरच राहिली. दासी ती उकिरड्यावर टाकायला निघाली, तेव्हा वेणुमतीनं तिला थांबवलं. घाबरली म्हणून नव्हे. लोकर टाकवत नाही म्हणून. तिनं त्या लडीचा मोठा गुंडा वळला, सुयांच्या टोपलीत ठेवला आणि त्यात सुया खुपसून ठेवू लागली. भरड गुंड्यात सुया घट्ट बसत, पडत नसत. विणायला नाही, तर नाही. या कामाला तो चांगला होता.

पुढं पाच-सहा वर्षं गेली. आधी नगरातल्या आया कुजबुजू लागल्या, की अक्कासाहेबांचं टोपडं घातलं की बाळाला हुडहुडी भरते. मग पायरीवर टोपल्या येऊ लागल्या. धुऊन घडी केलेली झबली, टोपडी, मोजे. कुणी काही बोललं नाही, कुणी दोष दिला नाही. नुसत्या टोपल्या ठेवून गेल्या. वेणुमतीनं एकेक कपडा ओळखला. हे सुताराच्या यमीचं, हे माळणीच्या जुळ्यांचं. ती दार लावून रडली.

आणि मग राणीला मुलगी झाली.

पोर नक्षत्रासारखी देखणी, पण हात लावावा तर नदीतल्या गोट्यासारखी गार. राणीनं छातीशी धरली, निखाऱ्यांच्या शेगड्या ठेवल्या, रेशमी दुलया घातल्या. शेगडी तापे, दुलई तापे, पोर गारच. वैद्यांनी मात्रा उगाळल्या आणि माना खाली घातल्या. पोर रडतही नव्हती; रडायलासुद्धा अंगात धग लागते. तिचे ओठ निळे पडत चालले.

राणी म्हणाली, "वन्सं, तुम्हीच काहीतरी करा. तुमच्या हातांची सवय आहे सगळ्या बाळांना."

वहिनीला शापाचं ठाऊक नव्हतं. वेणुमतीनं त्याच वेळी भावाला आणि वहिनीला सगळं सांगितलं; लोकर कशी परत केली, म्हातारी काय बोलली, एकही शब्द न गाळता. राणीनं तोंड फिरवलं.

राजा म्हणाला, "अक्का, बारशाला अजून अवकाश आहे. जा."

ती दालनात येऊन सुयांची टोपली भरू लागली, तोच गवाक्षात एक पिवळ्या डोक्याचा पक्षी येऊन बसला आणि माणसासारखा बोलला.

"कांबळजोगिणीकडे निघालीस ना? वाट मी दाखवतो. मी सुगरण. नावावर जाऊ नकोस, मी नर आहे. आमच्यात घरटं नर विणतो आणि नाव बायकांना जातं."

"तू मला मदत का करतोस?"

"माझी पिलं तुझ्या खिडकीखालच्या बाभळीवर वाढली. तू टाकलेले लोकरीचे तुकडे मी घरट्यात विणले. विणणाऱ्यानं विणणाऱ्याची लाज राखावी. चल."

ती चालली. पहिली खिंड, दुसरी खिंड, तिसरी खिंड. पायांना फोड आले, लुगड्याचा काठ फाटला. डोंगरमाथ्यावर कांबळजोगिणीचं पाल दिसलं. पालापुढं चूल पेटलेली, आणि चुलीला अगदी खेटून एक मुलगी बसलेली. पाय जाळाच्या इतके जवळ, की पाहणाऱ्याला चटका बसावा. पण मुलगी काकडत होती. ती जोगिणीची नात, भिवरा. तिनं आल्या माणसाकडे मान वर करून पाहिलंदेखील नाही.

वेणुमतीनं जोगिणीचे पाय धरले. "आजी, मी चुकले. शाप मागे घ्या."

जोगीण म्हणाली, "शाप मीही मागे घेऊ शकत नाही. रागात गाठ मारली; आता ती माझ्या नखांना सुटत नाही. तान्ह्या पोरीला शाप दिला, त्यानंतर मलाही सुखाची झोप लागलेली नाही. पण गाठ सुटायची वाट तीन कामांतून जाते. करशील?"

"करीन."

"पहिल्या खिंडीत धुक्याची मेंढरं चरतात. त्यांची लोकर आण. दुसऱ्या खिंडीत भुयार आहे. तिथल्या हाडाच्या सुया आण. मग इथं बसून अशी कुंची विण, की तिच्यातून ऊब निसटणार नाही."

सुगरण उडाला, वेणुमती मागोमाग गेली.

पहिल्या खिंडीत सकाळी धुक्याची मेंढरं खरोखरच चरत होती. शिंगं, कान, खूर सगळं होतं, फक्त धुक्याचं. वेणुमतीनं कात्री चालवली. मेंढरू विरून पलीकडे उभं राहिलं. तिनं झडप घातली. मुठीत ओलसर गारवा, बाकी काही नाही. तिनं पुन्हा झडप घातली आणि दगडावर आपटली. हात खरचटले, डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, कुणावर चालून जाऊन लोकर मिळते का?" सुगरण वैतागला. "बाळाला घ्यायला हात कसे धरतेस?"

तिनं पदर पसरला, हात मोकळे ठेवले आणि गवतात बसून राहिली. मेंढरं आधी लांब राहिली, मग हुंगत आली, मग तिच्या मांडीला अंग घासू लागली. ऊन चढलं आणि मेंढरं निघून गेली, तेव्हा तिच्या पदरात पांढऱ्या लोकरीचा ढीग होता. तिनं तिथंच टकळी फिरवून सूत काढलं. इतकी मऊ लोकर तिच्या हातांनी आजवर पाहिली नव्हती.

दुसऱ्या खिंडीतल्या भुयारात सोनं होतं. मोहरा नव्हेत, हंडे नव्हेत. सोन्याच्या लोकरीचे गुंडे, डोक्याएवढे, उजेड देणारे. आणि भुयाराच्या भिंतींवर माणसं होती. विणलेली माणसं. मुकुटासकट, मिशांसकट, तलवारींसकट राजे सोनेरी टाक्यांत विणून भिंतीला लावलेले, आणि त्यांचे डोळे हलत होते. ज्यानं ज्यानं त्या सोन्याला हात लावला, त्याला त्याला त्या लोकरीनं विणून टाकलं होतं.

वेणुमतीला हे सारं दिसत होतं. तरी तिचा हात पुढं झाला, कारण त्या सोन्यातून ऊब येत होती. खरी, चुलीजवळची ऊब. तिच्या डोळ्यांपुढं भाचीचे निळे ओठ आले. हा एक गुंडा नेला तर? मी भिंतीवर गेले तर गेले, सुगरण तो गुंडा पोचवील. पोर तर वाचेल!

बोटं गुंड्यापासून तसूभर राहिली, तेव्हा तिनं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. सोन्यात विणलेले ते राजे थरथरत होते. दात वाजत होते त्यांचे, ऐकू येत होतं. एवढ्या उबदार सोन्यात गुंडाळलेली माणसं थंडीनं काकडत होती. ही ऊब घेणारी आहे, देणारी नव्हे, हे तिला कळलं. तिनं हात मागं घेतला. कोपऱ्यात धुळीत मेंढीच्या हाडाच्या दोन सुया पडल्या होत्या, टोकं झिजलेल्या, कुणीही दोनदा पाहू नये अशा. त्या उचलून ती बाहेर आली आणि नेहमीच्या सवयीनं तिनं त्या काळ्या गुंड्यात खुपसल्या.

तिसरं काम तर तिच्या हातचा मळ. पालापुढं बसून तिनं धुक्याच्या लोकरीची कुंची विणली. सुलट, सुलट, सुलट. गळ्याशी बारीक जाळी, काठाला शिंपल्यांची वीण, टोपीला नाजूक चुण्या. आयुष्यात इतकं सुंदर काम तिनं केलं नव्हतं. टाके बंद करून तिनं ते जोगिणीपुढं ठेवलं.

जोगिणीनं चुलीतला तापलेला दगड कुंचीत ठेवला. दोघी पाहत राहिल्या. दगड गार पडला.

वेणुमतीनं प्रत्येक ओळ तपासली. एकही चूक नव्हती. तिनं सगळी कुंची उसवली आणि पुन्हा विणली, पहिल्याहून सरस. दगड पुन्हा गार पडला. आता मात्र तिचं अवसान गळालं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. तिनं कुंची मांडीवर घेतली आणि कपाळाला हात लावला.

"काय चुकलं? सांग ना रे, काय चुकलं माझं?"

सुगरण पालाच्या काठीवर बसला होता. म्हणाला, "मी घरटं विणतो. गवताची काडी न् काडी नीट. पण पुरं व्हायच्या आत त्यात चिखलाचा एक गोळा चिकटवतो. माझ्या बापानं चिकटवला, त्याच्या बापानं चिकटवला. का, ते मला माहीत नाही. पण चिखल नसेल तर मादी आत पाऊल ठेवत नाही, घरटं कितीही देखणं असो. तुमच्यात याला काही म्हणतात का?"

वेणुमती एकदम सरळ बसली. "तीट," ती म्हणाली.

काळा टाका. उलटा. सगळ्या जन्मात एकदाही घातला नाही तो. आणि काळी लोकर तिच्याजवळ एकच होती. तिनं टोपलीतला गुंडा काढला, सुया उपसल्या आणि कितीतरी वेळ तो भरड गुंडा हातात धरून बसली. मग जे तेव्हा पायरीवर विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं.

"आजी, ही लोकर कुणाची?"

जोगीण म्हणाली, "माझ्या लेकीच्या घोंगडीची. साळू तिचं नाव. ही भिवरा झाली आणि साळू गेली. पोरीला आईची ऊब कशी द्यायची? घोंगडी मोठी, जड. तान्ह्याच्या अंगावर कशी घालू? म्हणून उसवली. आईच्या अंगची ऊब तिच्यात होती. माझे हात मेंढरं राखायचे, मंत्राचे; मला विणता येत नव्हतं. तुझ्या कुंच्यांची कीर्ती ऐकली होती म्हणून आले."

भिवरा चुलीशी काकडत होती. वेणुमतीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिला हुंदका फुटला. "आजी, मी तुमच्या लेकीचं पांघरूण नाक मुरडून परत केलं हो! हे पाप मी कुठं फेडू?"

"रडू नकोस. एका टाक्यापुरती लोकर तोड आणि जा. भाचीचा जीव जाईल."

वेणुमतीनं डोळे पुसले. तिनं गुंड्याचं टोक शोधलं आणि हाडाच्या सुईवर पहिला टाका घातला, मग दुसरा, मग तिसरा.

"अगं, हे काय करतेस?"

"ही लोकर भिवराची आहे, आजी. आधी तिचं. तिला पुरून उरली, तरच माझ्या भाचीची."

भिवरा आता कुंचीच्या मापाची राहिली नव्हती, म्हणून वेणुमती शाल विणू लागली. भरड लोकर बोटांना कापत होती, वळ्यांत सुई अडत होती. दिवस कलला, मावळला, चुलीच्या उजेडात सुया चालल्या. गुंडा लहान होत गेला. विणणारीला एक भीती कायम असते, लोकर पुरेल ना? वेणुमतीला त्या वेळी दोन भीती होत्या. पुरली नाही तर भिवराचं राहील, आणि पुरून संपली तर? तरी तिनं एक ओळ कमी केली नाही, एक टाका सैल धरला नाही. झुंजूमुंजू झालं, शेवटचा टाका बंद झाला आणि सूत संपलं. बोटभरसुद्धा उरलं नाही.

तिनं शाल भिवराच्या खांद्यांवर घातली.

भिवरा आधी तशीच बसून राहिली. मग तिनं चुलीजवळून पाय ओढून घेतले. "आजी, चटका बसतो की!" ती म्हणाली. जोगीण मटकन खाली बसली. भिवरा उठली, आजीच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. आजवर ती कधी रडली नव्हती. दोघींना एकमेकींपासून सोडवावं असं कुणाला वाटलं नाही. सुगरणानंसुद्धा मान वळवली.

वेणुमती टोपली आवरू लागली. पांढरी कुंची तिनं छातीशी धरली. बारशाचा दिवस उजाडला होता आणि काळं सूत नव्हतं.

भिवरा तिच्यापुढं येऊन उभी राहिली. "बाळ आहे ना तिकडं? गार पडलंय, माझ्यासारखं?"

"हो गं."

भिवरानं शालीचा काठ हातात धरला आणि त्यातला एक टाका बोटानं ओढला. "हा घे. माझ्याकडे पुष्कळ आहेत."

ज्या हातांनी आयुष्यभर चूक काढायला उसवलं, त्या हातांनी वेणुमतीनं आज कुंचीची टोपी उसवली, चूक घालायला. कपाळाच्या उजव्या कडेला, पांढऱ्या सुलट टाक्यांत, एक काळा टाका उलटा विणला आणि पुन्हा टोपी पुरी केली. आणि भिवराच्या शालीत जिथं एक टाका कमी झाला होता, तिथं धुक्याच्या लोकरीचा एक पांढरा टाका विणून दिला. जोगिणीनं कुंचीत तापला दगड ठेवला. मग हात लावून पाहिला आणि मान हलवली. दगड तसाच ऊन होता.

"पण मी पोचू कशी?" वेणुमती म्हणाली. "तीन खिंडी, आणि सूर्य निघाला."

सुगरणानं शीळ घातली. पहाटेचं धुकं डोंगरावरून खाली उतरतं ना, तसा धुक्याच्या मेंढरांचा कळप पालापाशी आला. वेणुमती बसली, भिवरा बसली, जोगीणही बसली. कळप दऱ्या उतरून नगराकडे निघाला. दुसऱ्या खिंडीत तो भुयारावरून गेला, तेव्हा कुंचीची देणारी ऊब आत उतरली, सोनं उसवल्याचा आवाज आला, आणि मिशांचे, मुकुटांचे राजे डोळे चोळत उन्हात बाहेर आले. त्यांचं पुढं काय झालं, ते त्यांच्या त्यांच्या राज्यांना विचारा.

राजवाड्यात पाळणा बांधला होता, पण पाळणा म्हणायला कुणाचा आवाज फुटत नव्हता. सूर्य कलला होता. राणी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि पोरीचा श्वास आहे की नाही, हे पाहायला तिच्या नाकाशी मोराचं पीस धरत होती. पीस हलायचं थांबलं, तेवढ्यात वेणुमती दारात आली. लुगडं फाटलेलं, केस सुटलेले. तिनं कुणाला काही विचारलं नाही. तिनं पोरीच्या डोक्यावर कुंची घातली, गळ्याशी गाठ बांधली आणि तिला उचलून कुशीत घेतलं.

सगळे पाहत राहिले. वेणुमतीच्या हाताला आधी गार गोटाच लागला. मग पोरीच्या कानाच्या पाळीला थोडी धग आली, मग गालाला. पीस नसतानाही आता दिसत होतं, श्वास चालला होता.

"वन्सं, नाव!" राणी किंचाळली. "सूर्य टेकला, नाव घ्या!"

ज्योतिष्यांनी राशीवरून एक भलंमोठं नाव काढून ठेवलं होतं. वेणुमतीनं भावाकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या घोंगड्यातल्या म्हातारीकडे. ती बाळाच्या कानाशी वाकली.

"कुर्रर्र," ती म्हणाली. "साळू."

सभेतल्या मानकऱ्यांच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. राजकन्येचं नाव साळू! पण पोरीनं हात झाडले, तोंड लालबुंद केलं आणि असं काही भोकाड पसरलं, की वाड्याच्या मशाली आपोआप पेटल्या. मग कुणाची हिंमत होती नाव बदला म्हणायची? राजा म्हणाला, "आत्यानं ठेवलं तेच नाव." दारातली जोगीण पायरीवर बसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

राणीनं वेणुमतीचे हात हातात घेतले. तिच्या बोटांवर भरड लोकरीचे चरे उमटले होते. "वन्सं, हात किती ऊन आहेत तुमचे," राणी म्हणाली, आणि दोघी रडल्या.

भिवरा काळी शाल पांघरून पाळण्याशी आली. "मी घेऊ?" तिनं विचारलं. आजवर तिनं कुणाला कवेत घेतलं नव्हतं. राणीनं पोर तिच्या हातांत दिली. काळ्या शालीतला पांढरा टाका आणि पांढऱ्या कुंचीतला काळा टाका शेजारी शेजारी आले.

पुढं नगरातल्या आया आपापल्या टोपल्या न्यायला आल्या. वेणुमतीनं प्रत्येक झबल्याला, प्रत्येक टोपड्याला एकेक काळा टाका घालून दिला, आणि देताना प्रत्येकीला विचारलं, "तुझी लोकर आहे का घरची? असेल तर आण, भरड असली तरी चालेल."

संध्याकाळी काम आटोपलं. ती सुया ठेवायला गेली, तर टोपलीत खुपसायला गुंडा नव्हता. मग हाडाच्या दोन्ही सुया तिनं आपल्या अंबाड्यात खोवल्या आणि पाळण्याकडे गेली.

टाके बंद झाले, सूत आत ओवलं, गोष्ट अंगावर घेतली. तिची ऊब त्या बाळाला लागली, तशी ऐकणाऱ्यांच्या बाळांनाही लागो.